सोजरबाईंच्या घराचा हिरवा ठिपका

१

ज्या सकाळी सोजरबाईंचा दहावा झाला, त्याच संध्याकाळी मळईनगर सोसायटीने माधवराव रिसबूड यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सत्काराचं कारण फलकावर ठळक अक्षरांत होतं: ‘महापुरात एकही गाडी बुडाली नाही.’ एक माणूस बुडालं होतं, पण फलकावर जागा मर्यादित असते.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझं नाव मंदाकिनी. गाड्यांच्या विम्याचे सर्व्हे करण्यात माझी हयात गेली. ठोकलेली, जळलेली, बुडालेली गाडी बघायची आणि मालक खरं किती बोलतोय ते सांगायचं, एवढाच माझा धंदा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही, म्हणून भाच्याने गळ घातल्यावर पेठेतून उठून धायरीच्या बाजूला नदीकाठच्या या वसाहतीत आले होते.

माधवराव भाषण छान करत. “मित्रहो, मागच्या पुरात आपण काय काय गमावलं ते आठवा. या वेळी मी ठरवलं होतं, शंभर टक्के! किल्ल्या गोळा केल्या, ज्यांना गाडी चालवता येते त्यांच्या जोड्या लावल्या, आणि एकूण एक गाडी चढावर नेऊन उभी केली. माझी स्वतःची सगळ्यांत आधी नेली. आपण उदाहरण घालून दिलं तर लोक ऐकतात. तेव्हापासून ती तिथेच आहे, धरण अजून भरलेलं आहे ना!”

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर ‘राखीव – हिंदुराव’ अशी चिठ्ठी होती. सोजरबाईंचा मुलगा आला नव्हता. त्याची खुर्ची राखून ठेवायची हौस कोणाला आली होती, देव जाणे.

भाचा म्हणजे अनंत, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शिकलेला, परदेशात राहून आलेला, आणि त्यामुळे साधी गोष्ट अवघड करून सांगण्यात तरबेज. आदल्या दिवशी तो माझ्याकडे चहा गार होईपर्यंत बोलत होता. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते.

धरणातून पाणी सोडलं की नदीकाठचे लोक एकदम बाहेर पडतात. कोण कुठला रस्ता धरेल, कोंडी कुठे होईल, मागे कोण अडकेल, याचं एक मॉडेल अनंतने एका खाजगी कंपनीसाठी केलं होतं. गल्ल्यांच्या तोंडाशी कॅमेरे बसवलेले. ते बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत. कंपनीच्या कक्षात मोठा पडदा, त्यावर प्रत्येक घराचा एक ठिपका. घरात माणसं आहेत तोवर ठिपका लाल. घराची शेवटची गाडी गल्लीबाहेर पडली की तो आपोआप हिरवा. बचाव पथकाच्या रबरी होड्या लाल ठिपक्यांकडे जाणार, हिरव्यांकडे फिरकणार नाहीत.

“आणि माणसं कोण मोजतं?” मी विचारलं.

“माणसांना नंबरप्लेट नसते, मावशी.”

सोजरबाईंची डावी बाजू अर्धांगाने गेलेली. पाणी चढायच्या आधी हिंदुरावाने कक्षात फोन करून सांगितलं होतं की आई घरात आहे, उचलून न्यायला माणसं लागतील. त्या घराचा ठिपका लाल होता, सगळ्यांनी पाहिला होता. मग तो हिरवा झाला. होडी गेलीच नाही. पाणी ओसरल्यावर सोजरबाई पलंगाशेजारी सापडल्या.

“घराची दुसरी गाडी, त्यांची जीप, गल्लीतच होती,” अनंत म्हणाला. “हिंदुरावच तसं सांगतो. मग आपोआप हिरवा होणं इम्पॉसिबल. कोणीतरी हाताने केला. आणि हाताने रंग बदलायचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता.”

“तू केलास?”

“नाही गं! पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? कंपनीने सगळ्या नोंदी सील केल्यात, मला घरी बसवलंय. सोमवारी पोलीस मला आत घेतायत.”

तो रडत नव्हता. रडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता माझ्या भिंतीकडे बघत होता, आणि त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही.

२

कंपनीच्या प्रमुख सुनीती मॅडम. त्यांच्या केबिनमध्ये खुर्च्या मऊ आणि उत्तरं गुळगुळीत होती.

“अनंत हुशार आहे हो, पण त्या दिवशी तो पॅनिक झाला होता. पडद्यावर लाल जास्त दिसलं की वरून फोन येतात. केला असेल एखादा हिरवा.”

“तुम्ही त्याला करताना पाहिलंत?”

“मी कशाला पाहीन? पण तर्क आहे ना. जीप गल्लीत, तरी ठिपका हिरवा.”

“जीप गल्लीत होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तक्रारीतच आहे तसं.” मग त्या जरा पुढे झुकल्या. “तुम्ही आमच्याच मागे का लागलात? त्या मुलाला विचारा. नदीकाठची शेवटची जमीन आईच्या नावावर होती आणि म्हातारी सही करत नव्हती, असं सगळी वसाहत म्हणते.”

वसाहत काय काय म्हणते ते मी दहा मिनिटं ऐकून घेतलं. चहा विचारला नाही. पुण्यात त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, पण ही बाई माझ्या भाच्याला पोलिसांच्या हवाली करून स्वतःची मऊ खुर्ची वाचवत होती, त्याचा मला मनापासून संताप आला.

बचाव पथकाचा म्होरक्या सर्जेराव. हा खडकीचा, दारूगोळा कारखान्यात नोकरी, पोहण्यात पटाईत. तो मला त्याच्या क्वार्टरबाहेरच्या कट्ट्यावर भेटला. बोलताना सारखा हाताचे तळवे चोळत होता.

“बाई, मी त्या गल्लीच्या तोंडाशी होडी थांबवली होती. फोनवर बघितलं. हिरवा. आत नजर टाकली, गल्ली मोकळी. एक चारचाकी नाही. म्हणून तर ठिपक्यावर विश्वास बसला. म्हटलं, गेले सगळे. पुढच्या गल्लीत लाल होता, तिकडे वळलो.”

“तिथे कोण होतं?”

“कुत्रं.” तो हसला, पण ते हसू नव्हतं. “घरातली माणसं शेजाऱ्याच्या मोटारीतून कधीच गेली होती. त्यांची स्कूटर तेवढी दारात राहिली होती, म्हणून लाल. आम्ही कुत्रं वाचवलं, बाई. पेपरात फोटोपण आला.”

“हाक नाही ऐकू आली?”

“पाण्याचा आवाज एवढा, की स्वतःचीसुद्धा येत नव्हती.” मग म्हणाला, “आली असती तरी मला वाटतं मी ठिपकाच बघितला असता. तेच खातंय मला.”

मी निघाले आणि बसस्टॉपपर्यंत पोचता पोचता थबकले. हिंदुराव म्हणतो जीप गल्लीत होती. सर्जेराव म्हणतो गल्ली मोकळी होती. दोघांतला एक जण खोटं बोलत होता, किंवा दोघंही खरं बोलत होते. दुसरी शक्यता जास्त वाईट होती.

३

हिंदुराव ओट्यावर बसला होता, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. भिंतीवर पाण्याची रेघ खिडकीच्या वर गेली होती. हे सगळं मळईनगर कधीकाळी त्याच्या बापाचं, गेनबाचं शेत होतं. प्लॉट पाडून विकले, आणि तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी स्वतःसाठी हे घर ठेवलं.

“तुमी त्या अनंतच्या मावशी,” तो म्हणाला. “मंजी माझ्या आईला मारणाऱ्याच्या.”

“तो सोमवारी तुरुंगात जाईल. त्याच्या आधी मला एवढंच कळू दे, की त्या दिवशी तुम्ही कुठे होता.”

बायकोने, मैनाने, आतून पाणी आणून ठेवलं. तीच बोलली. “पोरं वारज्याच्या शाळेत हायती. शाळेतनं फोन आला, न्यायला या म्हणून. मी स्कूटरवर गेले तर वाटंत स्कूटर बंद. मग ह्यांनला बोलीवलं.”

“मोटार अंगणात, जीपच्या मागं,” हिंदुराव म्हणाला. “जीप काढून गल्लीत आडवी लावली, मोटार भायेर काढली. जीप परत आत घ्यायला येळ न्हवता. आईला म्हनलं, फोन केलाय, माणसं येत्यात, मी बी आलोच. ती म्हनली, जा, पोरांस्नी आण आदी.” त्याने भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं. “येताना चढावर पाय ठिवायला जागा न्हाई. दोनी अंगानं मोटारी उभ्या. खाली सोडंनात. चालत आलो तवर गल्लीत छातीएवढं पाणी. वढून काडलं मला लोकांनी.”

त्या चढावरच्या मोटारी सोसायटीच्याच होत्या. माणसांनी गाड्या वर नेल्या, ओळीने लावल्या, आणि त्यातले कितीतरी जण चालत पुन्हा घरी गेले, सामान वरच्या मजल्यावर टाकायला. मॉडेलला वाटलं, वसाहत रिकामी झाली. गेल्या होत्या त्या फक्त मोटारी.

“आणि जीपची किल्ली?”

“आईच्या चंचीत.” हे मैनाने सांगितलं. “मामंजींची जीप. ते गेल्यापास्नं किल्ली कुनाला द्यायच्या न्हाईत. पान, सुपारी, चुन्याची डबी, त्यातच किल्ली. ह्यांनी जीप हलीवली का परत मागून घ्यायच्या. चंची उशाखाली.”

“त्या दिवशीही परत घेतली?”

“व्हय. गल्लीत लावून आलो न् आदी किल्ली दिली,” हिंदुराव म्हणाला. “चंची घावली नंतर, पलंगाखाली. उघडी. किल्ली न्हवती. पाण्यानं नेली आसंल.”

“मग आता जीप कुठे आहे?”

“चढावर. पाणी ओसरल्यावर टोचन लावून नेली म्हनले.”

“कोण म्हणालं?”

“माधवकाका.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. हॉलमधल्या फलकावरची ठळक अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर आली. जीप गल्लीत राहिली असेल, तर ती बुडाली. आणि ती बुडाली असेल, तर माधवरावांना शाल कशाबद्दल मिळाली?

४

चढावर निम्म्या गाड्या अजून उभ्या होत्या. लोक आपापली गाडी पुसत होते. कोणी मला विचारलं नाही की मी काय बघतेय. पांढऱ्या केसांची बाई गाडीत डोकावली तर लोकांना वाटतं, नातवंडाची वाट बघत असेल.

बुडालेली गाडी लपत नाही. वरून कितीही धुवा, आसनाखालच्या रुळांत बारीक गाळ बसतो, दिव्यांच्या काचांत आतून वाफ धरते, आणि वास तर दोन उन्हाळे जात नाही. गेनबांच्या जीपला दारं नावापुरती होती, म्हणून मी सरळ आत वाकले. आसनाखाली धूळ होती, पण ती कोरडी आणि जुनी. पायाशी पडलेली सुपारीची सालं जशीच्या तशी. दिवे स्वच्छ.

ही जीप पाण्यात गेलीच नव्हती. खिडकीच्या वर पाणी चढलेल्या गल्लीतून ती ओढून आणलेली नव्हती. पाणी चढायच्या आधी ती कोणीतरी चालवत वर आणली होती. सर्जेराव खरं बोलत होता. हिंदुरावही खरंच बोलत होता. आणि अनंतने ठिपक्याला हात लावला नव्हता. घराची शेवटची गाडी गल्लीबाहेर गेली आणि ठिपका आपला आपण हिरवा झाला.

अनंत सुटला होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण जीप चालवायला किल्ली लागते, आणि किल्ली एका म्हातारीच्या उशाखाली होती.

मग मी गाड्यांची ओळ पाहिली. आधी आलेल्याने वरची जागा घ्यायची, मग त्याच्याखाली पुढचा, अशी ती लागलेली होती. जीप खालून दुसरी. तिच्याही खाली, पार पाण्याच्या रेघेपाशी, एक चकचकीत निळी मोटार. तिच्या चाकांच्या वाट्यांवर गाळ वाळला होता, वर मात्र थेंब नाही. पाण्याने तिचे पाय शिवले होते. चाकांखाली पानांचा कचरा साचून कुजला होता, म्हणजे तेव्हापासून ती हलली नव्हती.

मी शेजारी गाडी पुसणाऱ्या गृहस्थांना विचारलं, “ही कोणाची हो?”

“माधवरावांची. तिसऱ्या गल्लीतलीच. त्या गल्लीत चारचाकीवाले दोघंच, हिंदुराव आणि ते.”

सगळ्यांत आधी नेलेली मोटार ओळीत सगळ्यांत शेवटी. भाषण छान करत माधवराव.

सोसायटीचं ऑफिस उघडं होतं. भिंतीवर खिळ्यांची फळी, प्रत्येक खिळ्याखाली सुवाच्य अक्षरात मालकाचं नाव. बहुतेकांनी किल्ल्या परत नेल्या होत्या. ‘हिंदुराव – जीप’ या खिळ्यावर मात्र एक किल्ली लटकत होती. नीटनेटक्या माणसाच्या हातून एखादी वस्तू जागेवर न ठेवणं होत नाही, गुन्ह्याची असली तरी.

मी ती काढली आणि उजेडात धरली. मग अनंतला फोन केला.

“एक विचारते. या वसाहतीत तुम्ही मॉडेलची माहिती द्यायला सभा घेतली होती ना? तिथे कोणी काही प्रश्न विचारला होता?”

तो म्हणाला, “एकच.” आणि कोणी, ते सांगितलं.

५

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही पाच जण बसलो. मी, अनंत, हिंदुराव, मैना आणि माधवराव. माधवरावांनी घडीचा शर्ट घातला होता आणि सगळ्यांना खुर्च्या त्यांनीच लावून दिल्या.

“अहो, पोलिसांचं काम पोलिसांना करू द्यावं,” ते म्हणाले. “आपण कशाला त्यात?”

“बरोबर आहे. मी फक्त गाड्यांचं बघते,” मी म्हणाले. “माधवराव, जीप पाणी ओसरल्यावर ओढून वर नेली, असं तुम्ही हिंदुरावांना सांगितलंत. मग ‘एकही गाडी बुडाली नाही’ हे कसं?”

“तो बोलण्याचा एक भाग असतो हो.”

“शालही बोलण्याचा भागच म्हणायची. पण गंमत म्हणजे फलकावरचं खरं आहे. जीप बुडालेली नाही. आत कणभर गाळ नाही. खोटं आहे ते ओढून नेल्याचं.”

हिंदुरावाने मान वर केली.

“ही किल्ली तुमच्या फळीवर होती,” मी ती टेबलावर ठेवली.

“गल्लीत चिखलात सापडली. मी धुऊन ठेवली.”

“धुतली नाहीत, तिथेच चुकलं. मैना, ही बघ. दातांच्या खाचेत काय आहे?”

मैनाने किल्ली हातात घेतली, नखाने खरवडली आणि बोट नाकाशी नेलं. किल्ली परत ठेवताना तिचे डोळे भरून आले. “चुना. आत्याबाईंचा. कात बी हाय त्यात.”

“पुराच्या पाण्यात दिवसभर पडलेल्या किल्लीवर चुना राहत नाही. ती चंचीतून निघाली ती कोरडी, आणि कोरड्या हातानेच इथे आली. चंची उशाखाली होती. उशावर सोजरबाई होत्या. माधवराव, तुमची मोटार गल्लीच्या टोकाला. तोंडाशी जीप आडवी. ती हलल्याशिवाय तुमची निघत नव्हती. तुम्ही वसाहतभर लोकांच्या गाड्या काढत फिरलात आणि स्वतःची राहिली. आलात तेव्हा पाणी गल्लीला लागलं होतं.”

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मी चोरली नाही किल्ली,” ते म्हणाले. “त्यांनीच दिली. स्वतःच्या हाताने. म्हणाल्या, धन्याची गाडी हाय, नीट ने बाबा.”

“आणि?”

“आणि ‘मला बी ने’ म्हणाल्या. मी एकटा, पासष्ट वर्षांचा. मला उचलवणार होत्या का? मी म्हटलं, वर चार माणसं आहेत, घेऊन येतो.”

“वर चार नाही, चाळीस होती,” मी म्हणाले. “व्हिडिओ काढत उभी होती. कोणाला सांगितलंत?”

माधवराव टेबलावरचे कागद सरळ करू लागले.

“जीप वर लावून तुम्ही परत खाली आलात. तुमची मोटार जीपच्या खाली उभी आहे, म्हणजे ती नंतर आली. म्हणजे त्या दारावरून तुम्ही चालत गेलात आणि मग मोटारीतून पुन्हा गेलात. दार उघडं होतं. तुम्हाला हाक मारली का त्यांनी?”

“पाणी घोट्यापर्यंत आलं होतं,” ते म्हणाले. “नवी गाडी, आत पाणी गेलं तर संपलीच. मला वाटलं होडी येईल. हिंदुरावाने फोन केला होता ना. घर लाल होतं.”

“हाक मारली का, म्हनलं त्यांनी!” हिंदुराव उभा राहिला.

माधवरावांनी टेबलाकडे बघत सांगितलं, “मारली.”

मैना तोंडाला पदर लावून बाहेर गेली. हिंदुराव तसाच उभा राहिला, मुठी वळलेल्या. मला वाटलं आता हा हात टाकणार, आणि खरं सांगायचं तर मी अडवलंही नसतं.

“घर लाल होतं असं तुम्ही म्हणता,” मी पुढे म्हणाले, कारण शेवटचं राहिलं होतं. “पण जीप निघाली की ते हिरवं होणार, हे या वसाहतीत एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. अनंत, सभेत काय प्रश्न आला होता, सांग.”

“काकांनी विचारलं होतं,” तो म्हणाला. “गाडी बाहेर नेली आणि माणूस आत राहिला, तर तुमचा ठिपका काय दाखवेल?”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, हिरवा. पण काका, माणसं मागे टाकून गाड्या कोण नेईल?” त्याने खाली बघितलं. “सगळे हसले. मीपण हसलो. तो पॉइंट मी लिहूनसुद्धा घेतला नाही.”

“कक्षात एक फोन केला असता तर ठिपका पुन्हा लाल झाला असता,” मी माधवरावांना म्हणाले.

“करणारच होतो,” ते म्हणाले. “आधी गाडी लावली. मग लोक भेटले, अभिनंदन करायला लागले. राहिला करायचा.”

हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, बिल भरायचं राहिलं म्हणावं तसं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटारडी माणसं पाहिली. त्या क्षणी हा माणूस खरं बोलत होता, आणि मला त्याची जास्त किळस आली.

हिंदुरावाने टेबलावरची किल्ली उचलली आणि बाहेर पडला.

६

पुढे काय झालं म्हणाल तर विशेष काही नाही. पोलिसांनी माधवरावांचा जबाब घेतला. दुसऱ्याची गाडी पाण्यातून वाचवणं हा गुन्हा नव्हे. परत येतो म्हणून न येणं, यालाही कलम सापडेना. प्रकरण कुठल्याशा टेबलावर आहे. सुनीती मॅडमनी अनंतला परत बोलावलं आणि चढावर स्वखर्चाने एक पाटी लावली: ‘गाड्यांपूर्वी माणसे हलवावीत.’ पाटीवर कंपनीचं नाव सूचनेपेक्षा मोठं आहे.

अनंत कामावर गेला नाही. तुरुंग टळला म्हणून त्याची आई मला साडी घेऊन आली. तो आला नाही. फोनवर एवढंच म्हणाला, “मावशी, तू मला निर्दोष ठरवलंस. पण मी नाहीये ना?” मी त्याला खोटं सांगितलं नाही. नात्यातल्या माणसाला तरी खोटं सांगू नये.

शाल मात्र माधवरावांनी परत केली नाही. कोणी मागितलीही नाही.

पुढच्या वर्षी धरणातून पुन्हा पाणी सोडलं. नंतर मैनाने मला सांगितलं ते असं. भोंगा वाजताच हिंदुरावाने जीप अंगणातून काढली आणि तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी आडवी लावली. मोटारही त्याने अंगणातून हलवली नाही. मैनाला आणि पोरांना चालत वर पाठवलं. किल्ली चंचीत टाकली, चंची कमरेला बांधली, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरून माणसं बाहेर काढायला लागला.

माधवराव आपल्या निळ्या मोटारीत बसून हॉर्न वाजवत होते. मग उतरून आले. “हिंदुराव, जीप जरा पुढे घेता का? पाणी येतंय.”

“आदी माणसं,” हिंदुराव म्हणाला.

“अहो, माणसं निघतीलच. गाडी—”

हिंदुराव त्यांच्या घरात गेला. माधवरावांच्या पत्नीला, आनंदीबाईंना, संधिवाताने जिना उतरता येत नव्हता. बॅग भरून त्या वरच्या खोलीत नवऱ्याची वाट बघत बसल्या होत्या. हिंदुरावाने त्यांना पाठुंगळी घेतलं आणि निळ्या मोटारीच्या बाजूने, माधवरावांच्या समोरून, पाण्यातून चालत गल्लीच्या तोंडाशी आणलं. जीप हलली नव्हती, म्हणून पडद्यावर हिंदुरावाचं घर लाल होतं. लाल होतं, म्हणून सर्जेरावाची होडी आली. हिंदुरावाने आनंदीबाईंना होडीत ठेवलं, माधवरावांना हात धरून बसवलं, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः चढला.

त्या वर्षी मळईनगरात तीन गाड्या बुडाल्या. माणूस एकही नाही. सत्कार कोणाचाच झाला नाही.